वसुलीवाला पावणा

भिमाजीवर माझा जीव आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ते कुठं फारसं दिसणार नाही.

भिमाजी माझा चुलत भाऊ. कळंबच्या पुढं मोठा रस्ता सोडून आत वळलं की आमची वाडी लागते. वाडीत चिंचेखाली दोन घरं एकमेकांना खेटून उभी आहेत आणि दोन्हींपुढं मिळून एकच अंगण आहे. डावीकडचं घर त्याचं, उजवीकडचं माझं. आमच्या वडलांनी शेत वाटलं, विहिरीचं पाणी वाटलं, भांडी वाटली, एकच पाटा होता तर वरवंटा एकाला आणि पाटा एकाला दिला. अंगण तेवढं वाटायचं राहिलं, कारण मोजायला आणलेली दोरी कमी पडली म्हणतात. तेव्हापासून गावच्या यात्रेला त्या अंगणात एकच मांडव पडतो. चुली दोन, पातेली दोन, पंगत एक.

यात्रेच्या जेवणाचे आमच्याकडं दोन नियम. पहिला गावाचा. दारात आलेल्या माणसाला 'तुमी कुणाचं पावणं?' असं विचारायचं नाही. विचारलं की त्याचा अर्थ 'तुम्हाला बोलावलं कुणी?' असा होतो आणि भला माणूस असेल तर तो उठून जातो. तोंड ओळखीचं नसलं तर हा आपल्या भावाचा पावणा असं धरून चालायचं आणि ताट मांडायचं. दुसरा नियम भावकीचा. आपल्या पावण्याला पोट भरेस्तोवर वाढायचं आणि दुसऱ्याच्या पावण्याला पोट फुटेस्तोवर. कारण सरळ आहे. आपला पावणा आपल्याला नावं ठेवत नाही. दुसऱ्याचा पावणा मात्र घरी जाऊन सांगतो, ‘‘गेलो व्हतो भिमाजीकडं, पण खाऊ घातलं ते गोकुळनं.’’ ही बातमी फिरत फिरत भिमाजीच्या कानावर जाते. तिथं यात्रेचं सार्थक होतं.

एका साली भिमाजीच्या ओतूरच्या मेव्हण्याला मी इतका रस्सा पाजला की त्याला मोटारसायकलवर टांग टाकता येईना. दोघांनी उचलून बसवला. भिमाजी आखाडापर्यंत माझ्याशी बोलला नाही. ते वर्ष मला चांगलं गेलं.

मी गोकुळ. गाव मला आण्णा म्हणतं. बैलगाड्यांच्या शर्यतीत घाटावर, म्हणजे बैल पळतात त्या चढावर, माईक धरून जो माणूस ‘‘भिर्रर्र झालीऽऽ’’ म्हणून ओरडतो, तो मी. आता नाही, पण तीस वर्षं होतो. मधे शर्यतींना बंदी आली तेव्हाही माईक घरी होता. मंगल, म्हणजे माझी बायको, म्हणते की तेव्हा मी तिच्यावर सराव केला. निमगाव सावापासून मंचरपर्यंत असा घाट नाही जिथं माझा आवाज घुमला नाही. बैलांवर, गाडामालकांवर, पुढाऱ्यांवर मी माईकवर किती वाक्यं टाकली असतील याला गणती नाही. लोक हसले, टाळ्या दिल्या आणि बैल पळाला की वाक्य विसरले. बैल लक्षात राहिले.

भिमाजीनं आयुष्यात एक मुद्दा धड मांडलेला नाही. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. तो तारा गुंडाळतो आणि बोलतोही तसंच.

आता ही गोष्ट. परवाच्या नव्हे, त्याच्या आदल्या यात्रेची.

यात्रेचा दुसरा दिवस, मटणाचा. घाटातल्या शर्यती आटोपून माणूस वाडीकडं लोटलं होतं आणि गाड्यांची रांग पार मोठ्या रस्त्यापर्यंत तुंबली होती. अंगणात पंगत बसली. एका बाजूनं मी माझं पातेलं घेऊन वाढत होतो, दुसऱ्या बाजूनं भिमाजी त्याचं. पंगतीच्या शेवटी नेहमीप्रमाणे लंकाबाई. ही आमच्या थोरल्या चुलत्याची सून, आमची वहिनी, मागच्या आळीला एकटी राहते. ती मटण खात नाही. स्वतःपुरती मासवडी आणि तिचा रस्सा घरून डब्यात आणते, आमच्या पंगतीत बसून खाते आणि कुणाला चाखायला देत नाही. मासवडीत मासा नसतो हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बाहेरचे पावणे विचारतात म्हणून सांगतो, बेसनाच्या पोळीत खोबरं-तिळाचं तिखट सारण भरून केलेल्या त्या वड्या. लंकाबाईच्या डब्याचं झाकण उघडलं की मटण वाढणाऱ्याचा हात थांबतो.

तिच्या अलीकडं एक अनोळखी माणूस बसला होता. बारीक अंगाचा, टोपी डोळ्यांवर ओढलेली, दाढीमिशी सफाचट. मांडी घालायची सवय नसल्यामुळं एक गुडघा वर आलेला. मला वाटलं, भिमाजीचा. भिमाजीला वाटलं, माझा.

मग काय!

‘‘घ्या पावणं,’’ म्हणत मी रस्सा ओतला.

‘‘बस, बस.’’

‘‘बस कसं? भिमाजीच्या घरी आसं रोज मिळत न्हाई. घ्या.’’

तेवढ्यात दुसऱ्या अंगानं भिमाजी आला. ‘‘आमच्या पातेल्यातलं खा, राव. आण्णाचं नुस्तं तिखट आसतंय. चव हिकडं हाय.’’ आणि त्यानं दोन फोडी टाकल्या. मी तीन टाकल्या. त्यानं कलेजी शोधून काढली. मी नळी.

‘‘कुठं आसता?’’ मी विचारलं. कुणाचे आहात हे विचारायचं नसतं. कुठं असता हे चालतं.

‘‘मुंबईला.’’

‘‘तरीच गालफाडं बसल्यात. काम काय म्हणायचं?’’

त्यानं टोपी आणखी खाली ओढली. मग म्हणाला, ‘‘शिव्या खायचं काम आहे. रोज संध्याकाळी लोक घरोघरी मला शिव्या देतात. त्याचे पैसे मिळतात.’’

‘‘बँकेच्या वसुलीला हाय का?’’

तो हसला. ‘‘तसंच काहीसं.’’

मला त्याची दया आली. भिमाजीच्या पावण्याची दया येण्यात एक वेगळंच सुख असतं. मी त्याच्यापुढं उकिडवा बसलो आणि म्हणालो, ‘‘पावणं, एक ध्यानात ठेवा. शिव्या अंगाला लागत न्हाईत. अंगाला लागतो रस्सा. हाणा!’’

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. पाण्याचा तांब्या मंगलनं दिला की भिमाजीच्या बायकोनं, इंद्रायणीनं, यावर पुढं वर्षभर वाद झाला. तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. माझंही त्याच्या तोंडाकडं लक्ष नव्हतं. वाढणारा माणूस ताटाकडं बघतो. मला त्याचं ताट अजून आठवतं, आणि हात. भाकरी तो दोन्ही हातांनी, वर्तमानपत्र फाडावं तशी फाडत होता आणि करंगळी ताठ बाहेर.

जेवला, दोघांनाही हात जोडले आणि गाड्यांच्या रांगेकडं निघून गेला.

संध्याकाळी मांडवाचे बांबू सोडताना भिमाजी म्हणाला, ‘‘तुझा वसुलीवाला लई खातो राव.’’

‘‘माझा? मला वाटलं तुझा.’’

दोघांनीही हातातला बांबू खाली ठेवला. दुःख मटण गेल्याचं नव्हतं. ज्याची जिरवायची त्याचा तो पावणाच नव्हता, हे दुःख होतं.

भात लावून झाला आणि आमची सून प्रतिभा एके दिवशी मोबाईल घेऊन धावत बाहेर आली. ‘‘आण्णा, ह्ये आपलं अंगण हाय का बघा!’’

मोबाईलमध्ये एक मुलाखत चालली होती. उन्मेष कारखानीस नावाचा नट. हा आमच्या घरी रोज संध्याकाळी मालिकेत यायचा. बाजीसाहेब नावाचा दुष्ट जमीनदार, खांद्यापर्यंत केस, कानापर्यंत मिशा. तो सुनेला छळू लागला की मंगल पोळ्या लाटता लाटता लाटणं उगारून ‘‘तुझ्या तोंडात माती पडो मेल्या’’ असं म्हणायची. मुलाखतीत मात्र तो केस आणि मिशा काढून बसला होता, आणि सांगत होता की कळंबच्या आसपास गाडी अडकली, भूक लागली म्हणून उतरून चालत गेलो, तर चिंचेखाली दोन घरं, एक अंगण, आणि दोन माणसं मला वाढण्यासाठी अक्षरशः भांडत होती. ‘‘मला कुणी नावसुद्धा विचारलं नाही,’’ तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. ‘‘इतकं निर्मळ प्रेम मी कुठं पाहिलं नाही.’’

निर्मळ हा शब्द ऐकून मंगल उठून आत गेली.

पुढं तो म्हणाला, ‘‘तिथल्या एका गृहस्थांनी मला सांगितलं, शिव्या अंगाला लागत नाहीत, अंगाला लागतो रस्सा. मी हे वाक्य मेकअपच्या आरशावर लिहून ठेवलंय. त्या गृहस्थांचं नाव विचारायचं राहिलं.’’

ऐकलंत ना? तीस वर्षांत पहिल्यांदा माझं एक वाक्य कुणाच्या तरी लक्षात राहिलं होतं. आणि कुणाच्या, तर ज्याला अख्खा महाराष्ट्र ओळखतो त्याच्या. आता फक्त ते माझं आहे एवढं सांगायचं राहिलं होतं.

आणि मला बोलायची बंदी होती.

घाटावर ओरडून ओरडून घशात गाठ झाली होती. आदल्याच दिवशी ती काढून आणलेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, टाके भरेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, खोकायचंसुद्धा जपून. मी गळ्याला मफलर गुंडाळून, जुनी पाटी आणि खडू घेऊन ओट्यावर बसलो होतो.

मंचरचा एक यूट्यूबवाला तिसऱ्या प्रहरी कॅमेरा घेऊन हजर. भिमाजी दुकान बंद करून, अंघोळ करून, फेटा बांधून चिंचेखाली उभा.

‘‘भाऊ, ते वाक्य कुणाचं?’’ यूट्यूबवाल्यानं विचारलं.

भिमाजीनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, छातीवर हात ठेवला, पाटीवर लिहायला घेतलं. घाईत खडू मोडला.

‘‘आता काय सांगायचं,’’ भिमाजी म्हणाला. ‘‘आपलंच हाय. सहज बोलून गेलो.’’

मी पाटी वर धरली. ‘माझं आहे’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. यूट्यूबवाल्यानं ते वाचलं आणि मागच्या घराकडं बघून म्हणाला, ‘‘हां हां, घर तुमचं आहे, कळलं.’’ मग भिमाजीला हळूच विचारलं, ‘‘हे बोलत नाहीत का?’’

‘‘न्हाई,’’ भिमाजीनं सुस्कारा सोडला. ‘‘लई दिवस झालं. आमीच बघतो त्यांच्याकडं.’’

तो व्हिडिओ लाखो लोकांनी बघितला. त्यात एक मफलरवाला मुका म्हातारा मागं पाटी नाचवताना दिसतो. लोकांनी खाली लिहिलं आहे, ‘भावाला सांभाळणारा भाऊ, ग्रेट.’

मला मत्सर वाटला असं मंगल म्हणते. तसं काही नाही. मी फक्त दुकानावरून जायचा रस्ता बदलला, कारण भिमाजीच्या दुकानावर बोर्डच लागला होता: ‘शिव्या अंगाला लागत नाहीत – श्री. भिमाजी’. नादुरुस्त मोटरी घेऊन माणसं नारायणगावावरून यायला लागली. चांगल्या चाललेल्या मोटरीसुद्धा आणायची आणि फोटो काढून न्यायची. शाळेच्या स्नेहसंमेलनात भिमाजी प्रमुख पाहुणा झाला आणि तारा गुंडाळल्यासारखा बराच वेळ बोलला. एका टेम्पोच्या मागं ते वाक्य रंगवलेलं मी स्वतः बघितलं. टेम्पो पुढं, मी मागं, मोटारसायकलवर, कळंबपासून मंचरपर्यंत. ओव्हरटेक करायला जागा नव्हती.

घसा बरा झाल्यावर मी पहिलं काम ते केलं. पारावर गेलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, ‘‘शिव्या अंगाला लागत न्हाईत, अंगाला लागतो रस्सा!’’

पारावरच्या मंडळींनी माना डोलावल्या. ‘‘वा! भिमाजीभाऊंचं वाक्य. तुमच्या तोंडीबी शोभतं आण्णा.’’

घरी बायकांचं वेगळंच चाललं होतं. तोंडात माती पडो म्हणणारी मंगल आता मालिका लागली की म्हणायची, ‘‘बाई बाई, किती वाळलाय. सून छळती त्याला.’’ तांब्या आपणच दिला हे तिनं विहिरीवर सांगितलं. इंद्रायणीनं नळावर सांगितलं की तांब्या तिचा, पाणी तिचं, आणि ठसका लागल्यावर पाठीवर थाप मारली तीही तिनंच. मग दोघींनी एकमेकींकडं विरजण मागणं बंद केलं.

यात्रा जवळ आली तशी मंचरहून बातमी आली की कारखानीस पुन्हा यायचं म्हणतोय, गुपचूप, कुणाला न सांगता. जी गोष्ट कुणाला सांगायची नाही ती आमच्याकडं सगळ्यांना माहीत असते. त्या दिवशी अंगणात मी आणि भिमाजी समोरासमोर आलो.

‘‘यंदा मांडव दोन घालू,’’ मी म्हणालो.

‘‘मीबी त्येच म्हणणार व्हतो.’’

‘‘म्हंजे माणूस कुणाकडं येतो ते दिसंल.’’

‘‘दिसू द्या.’’

वडलांना जी दोरी पुरली नाही ती भिमाजीनं दुकानातून आणली. मोटरीची तांब्याची तार. चिंचेच्या बुंध्यापासून ती ताणून आम्ही तिच्यावर हिरवी शेडनेट टांगली. अंगण एकदाचं वाटलं गेलं. सावली त्याच्याकडं गेली, चिंचा माझ्याकडं पडायला लागल्या.

मी मंचरला जलालभाईकडं फ्लेक्स करायला गेलो. कारखानीसचा बाजीसाहेबाच्या वेशातला मोठा फोटो, खाली मी माईक धरून, वर वाक्य, वाक्याखाली माझं नाव. जलालभाईनं कॉम्प्युटरवर डिझाईन उघडलं. फोटो तयार, वाक्य तयार, खालचं नाव तेवढं भिमाजीचं.

‘‘येऊन गेले का?’’ मी विचारलं.

‘‘काल. आण्णा, डिझाईन तेच ठेवतो, नुसतं नाव आणि तोंड बदलतो. स्वस्तात पडेल.’’

‘‘माझं तोंड मोठं घ्या.’’

‘‘तेही तेच म्हणाले,’’ जलालभाई शांतपणे म्हणाले. ‘‘दोन्ही मोठी घेतो.’’

यात्रेच्या दिवशी शेडनेटच्या दोन बाजूंना दोन बाजीसाहेब केस सोडून उभे होते. लंकाबाई तिसऱ्या प्रहरी डबा घेऊन आली, एकदा हा मांडव बघितला, एकदा तो बघितला. मी म्हणालो, ‘‘वहिनी, इकडं.’’ भिमाजी म्हणाला, ‘‘वहिनी, हिकडं.’’ ती म्हणाली, ‘‘एकाकडं बसलं तर दुसरा वर्षभर तोंड फिरवील. म्हातारपणी मला परवडत न्हाई.’’ आणि डबा घेऊन माघारी गेली.

त्या वर्षी पहिला नियम मोडला. मोडावाच लागला. भिमाजीची माणसं माझ्याकडं जेवून माझं पातेलं रिकामं करतील, म्हणजे खरा पावणा आला की रस्सा संपलेला, अशी मला शंका होती. भिमाजीलाही माझ्याबद्दल तीच होती, आणि खरं सांगायचं तर त्याची रास्त होती. माझी दोन माणसं त्याच्याकडं बसलेली होती. म्हणून मी स्वतः मांडवाच्या दारात उभा राहिलो आणि आल्या माणसाला विचारायला लागलो, ‘‘कुणाचं पावणं?’’

ऊन उतरायला लागलं तेव्हा एक बारीक माणूस आला. टोपी, तोंडाला धुळीचं फडकं. माझ्या फ्लेक्सच्या बरोबर खाली उभा राहिला, वर बघितलं, हसला.

‘‘कुणाचं पावणं?’’

‘‘मागच्या वर्षी इथंच जेवलो होतो.’’

‘‘इथं म्हंजे कुणाकडं?’’

‘‘ते नाही सांगता येणार. दोघं वाढत होते.’’

आता हे कुणीही सांगेल. मुलाखत लाखो लोकांनी बघितली होती. सकाळपासून असे चारपाच येऊन गेले होते. एक तर मिशा लावून आला होता.

‘‘मंग भिमाजीकडं असाल,’’ मी म्हणालो. ‘‘पलीकडं.’’

तो शेडनेटला वळसा घालून पलीकडं गेला. नेटमधून सगळं ऐकू येतं.

‘‘कुणाचं पावणं?’’ भिमाजीचा आवाज.

‘‘त्यांनी इकडं पाठवलं.’’

‘‘आण्णानं? आस्सं! माझा रस्सा किती उरलाय ते बघायला का? सांगा त्यांना, लई हाय. जावा.’’

तो माणूस दोन्ही मांडवांच्या मधे, नेटपाशी थोडा वेळ उभा राहिला. मग मागच्या आळीकडं चालायला लागला. मी त्याच्याकडं नीट बघितलं नाही. मी मोठ्या रस्त्याकडं बघत होतो, मोठी गाडी कधी येते म्हणून.

तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या तेवढं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिभा मोबाईल घेऊन बाहेर आली. यावेळी धावत नाही. हळूहळू, कुणी गेल्याची बातमी आणतात तशी. पलीकडून इंद्रायणीच्या घरातूनही तोच आवाज येत होता. दोन मोबाईल एकाच वेळी बोलत होते.

लंकाबाईचा ओटा. ओट्यावर एक ताट. ताटात मासवडी, वाटीत रस्सा, भाकरी. आणि दोन हात ती भाकरी वर्तमानपत्रासारखी फाडताहेत, करंगळी ताठ बाहेर.

तोंड दिसायच्या आधी मी ओळखला. नुसता खाली बसवला असता आणि ताट पुढं ठेवलं असतं तरी काल ओळखला असता. बसवलाच नव्हता.

‘‘आजी,’’ तो व्हिडिओत विचारत होता, ‘‘मी कोण, काही विचारलं नाहीत?’’

लंकाबाई वाटीत रस्सा ओतत होती. तिनं वर बघितलं नाही. ‘‘विचारायचं काय त्यात? दोन मांडव सोडून माझ्या वट्यावर आला, म्हंजे माणूस शाणा हाय.’’

तो हसत सुटला. त्याला ठसका लागला. तांब्या लंकाबाईनं दिला. यात वादाला जागा नव्हती, कॅमेरा चालू होता.

‘‘आणि ही मासवडी,’’ कारखानीस समोर टेकवून ठेवलेल्या मोबाईलकडं बघून म्हणाला, ‘‘मागच्या वर्षीच्या मटणाहून शंभर पट भारी.’’

दुपारपर्यंत लंकाबाईच्या दारात रांग लागली. टेम्पोवाला जुनं वाक्य पुसून नवीन रंगवायला मंचरला गेला. ‘दोन मांडव सोडून आला, म्हणजे माणूस शहाणा.’ तीस वर्षांत मला एवढं आटोपशीर वाक्य सुचलं नव्हतं, आणि ते माझ्यावरच होतं.

मी अंगणात खुर्ची टाकून बसलो. थोड्या वेळानं नेटच्या पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

‘‘आण्णा,’’ भिमाजी म्हणाला.

‘‘हं.’’

‘‘वहिनीनं मासवडी आजवर तुला कधी दिली व्हती का?’’

‘‘न्हाई. तुला?’’

‘‘न्हाई. आन् त्या वसुलीवाल्याला पयल्या झटक्यात.’’

‘‘पाच वड्या दिल्या. मी बघितलं.’’

‘‘सहा. एक रश्शात बुडाली व्हती.’’

इतक्या दिवसांनी आम्हाला दोघांना एकाच माणसाचा, नव्हे, दोन माणसांचा, एकदम राग आला होता. फार बरं वाटत होतं. भावाभावांत असा जिव्हाळा रोज येत नाही.

‘‘त्ये वाक्य तुझंच व्हतं,’’ भिमाजी नेटमधून म्हणाला. ‘‘रश्शाचं.’’

‘‘आता काय उपयोग? टेम्पोवाला पुसायला गेला.’’

‘‘म्हून तर सांगतो.’’

तार त्यानंच सोडली, गुंडाळून दुकानात नेली. गुंडाळण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, हे मी कबूल करतो. मग आम्ही दोघं मागच्या आळीला गेलो. पुढल्या साली पंगत एकच, आणि तिच्यात मासवडीचं पातेलं लंकाबाईचं, असं तिला सांगायचं ठरलं होतं. म्हणजे कारखानीस आला तरी आमच्याकडं, आणि नाही आला तरी मासवडी आमच्याकडं.

रांग संपली होती. लंकाबाई ओट्यावर बसून चूल सारवायचं पोतेरं पिळत होती. आम्ही पायरीशी उभे राहिलो. तिनं आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं, जसं काल मी दारात उभा राहून बघत होतो तसं.

‘‘कुणाचं पावणं?’’ ती म्हणाली.

मी भिमाजीकडं बोट दाखवलं. भिमाजीनं माझ्याकडं.

ती आत गेली आणि दोन ताटं घेऊन आली. आम्ही ओट्यावर मांडी घालून बसलो, खाली मान घालून जेवलो. मासवडी खरंच शंभर पट भारी होती. नटाचं खोटं नव्हतं.

भिमाजीच्या ताटात एक वडी जास्त होती. मी मोजली नाही. दिसली.